ढेप गाईची आणि ढेप माशाची

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, वणीच्या दक्षिणेकडे झरी-जामणी तालुका लागतो. मुकुटबन हे त्यातले मोठे गाव. जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, वर कापूस, सोयाबीन आणि तूर. चुनखडीच्या आधाराने इथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की तेलंगण सुरू होतो.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने शेततळ्यात मासे सोडायचे ठरवले, की बोटुकलीची (बोटभर लांबीच्या पिलांची) सोय झाल्यावर पुढचा प्रश्न खाद्याचा असतो. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो आणि खाद्यातला सर्वांत महाग भाग म्हणजे प्रथिने. वरवर पाहता मुकुटबनला प्रथिनांची ददात नाही. कापूस जिनिंगमध्ये गेला की वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच निघते. सरकीचे तेल काढले की ढेप उरते. सोयाबीन घरचे असते आणि तूर भरडली की चुनी मिळते. गोठ्यातली गाय याच ढेपेवर दूध देते. मग तीच ढेप तळ्यात टाकली तर काय बिघडते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी माशाच्या शरीराचा जमाखर्च तपासावा लागतो.

कमी खर्चाचे शरीर

कोंबडी असो, गाय असो की माणूस, खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा शरीर ऊबदार ठेवण्यात जातो. माशाला तो खर्चच नाही. पाणी 22 अंश तर मासाही जवळपास 22 अंश. दुसरी बचत वजनाची. पाणी माशाला तोलून धरते, त्यामुळे स्वतःचा भार पेलण्यासाठी त्याला गाईसारखी शक्ती लावावी लागत नाही. तिसरी बचत टाकाऊ पदार्थांची. प्रथिने जळाली की त्यातला नायट्रोजन शरीराबाहेर घालवावा लागतो. गाय त्याचा युरिया करते, कोंबडी युरिक आम्ल करते आणि दोन्ही कामांना ऊर्जा लागते. मासा तो नायट्रोजन अमोनियाच्याच रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडून मोकळा होतो.

या तीन बचतींमुळे माशाच्या खाद्यात प्रथिनांची टक्केवारी चढी दिसते. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात साधारण 20 टक्के प्रथिने असतात. वाढत्या रोहूला 28 ते 32 टक्के लागतात, बोटुकलीला 35 ते 40, आणि अगदी लहान पिलांना 40 च्याही वर. ट्राउट किंवा सामनसारख्या मांसाहारी माशांचे खाद्य 40 ते 50 टक्क्यांचे असते. यावरून मासा प्रथिनांच्या बाबतीत खादाड आहे असा समज होतो, पण तो खरा नाही. एक किलो वजन वाढवायला मासा आणि कोंबडी यांना लागणारी प्रथिने फारशी वेगळी नाहीत. फरक ऊर्जेत आहे. माशाला ऊर्जा कमी लागते, म्हणून त्याच्या ताटात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो.

त्यामुळे मत्स्यआहाराचे अभ्यासक केवळ प्रथिनांची टक्केवारी सांगून थांबत नाहीत. पचणाऱ्या ऊर्जेच्या दर किलोकॅलरीमागे किती मिलिग्रॅम प्रथिने, असा हिशेब ते मांडतात. बहुतेक माशांसाठी हा आकडा 80 ते 120 च्या दरम्यान येतो. एक किलो खाद्यात 300 ग्रॅम प्रथिने आणि 3,000 किलोकॅलरी असतील, तर दर किलोकॅलरीमागे 100 मिलिग्रॅम झाले. कोंबडीच्या खाद्यात हेच गणित 60 ते 70 च्या आसपास बसते.

आधी सरपण, मग बांधकाम

कोणताही प्राणी आधी ऊर्जेची गरज भागवतो आणि मग वाढीकडे वळतो. पोहणे, श्वास घेणे, पचवणे ही कामे एक दिवसही थांबत नाहीत. खाद्यात स्निग्ध आणि पिष्टमय पदार्थ पुरेसे नसतील, तर मासा प्रथिने जाळून ही कामे भागवतो. यवतमाळच्या जंगलातला साग चुलीत घालावा तसा हा प्रकार आहे: स्वयंपाक होतो, पण ज्या लाकडाचे घर उभे राहिले असते त्याची राख होते. वर धूर निघतो तो वेगळाच. माशाच्या बाबतीत तो धूर म्हणजे अमोनिया, आणि तो माशाच्याच पाण्यात साठतो.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. खाद्यात ऊर्जा जास्त झाली, तर माशाचे पोट लवकर भरते. ऊर्जेची गरज भागली की तो खाणे थांबवतो, पण तोवर त्याच्या पोटात पुरेशी प्रथिने गेलेली नसतात. वाढ खुंटते आणि पोटात चरबी साठते. बाजारात मासा चिरल्यावर आतड्यांभोवती पांढऱ्या चरबीचे थर दिसले, तर त्याच्या खाद्याचा तोल बिघडलेला होता असे समजायला हरकत नाही.

ऊर्जेचा स्रोत कोणता, यालाही महत्त्व आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात सुमारे साडेनऊ किलोकॅलरी असतात, एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात चारच्या थोड्या वर. सामन, ट्राउट यांना पिष्ट नीट पचत नाही, त्यांची भिस्त तेलावर. आपल्या कटला, रोहू, मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे. कार्प कुळातल्या या माशांना जठर नसते, पण आतडे शरीराच्या कित्येक पट लांब असते आणि पिष्ट पचवणारी पाचकद्रव्येही भरपूर असतात. म्हणून भाताचा कोंडा किंवा भरडलेला मका यांवर त्यांची ऊर्जा भागू शकते. हा स्वस्त इंधनाचा फायदा विदर्भातल्या शेतकऱ्याने सोडू नये. जठर नसल्याने एकदम पोटभर खाऊन साठवण्याची सोय मात्र त्यांना नाही. एका वेळी ढीगभर खाद्य टाकण्यापेक्षा दिवसातून दोनदा थोडे थोडे टाकावे ते यासाठी.

तापमानाचाही या हिशेबात हात असतो. अमेरिकेत जॉन हॅल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये चिनूक सामनवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सुमारे 8 अंशांच्या पाण्यात त्या माशांची वाढ 40 टक्के प्रथिनांवर उत्तम झाली, तर साधारण 14 अंशांच्या पाण्यात त्यांना 55 टक्के लागली. आकडे सामनचे असले तरी खाद्य ठरवताना पाण्याचे तापमान पाहावे, हा धडा सगळीकडे लागू आहे. रोहू-कटल्याची भूक 26 ते 32 अंशांत सर्वांत चांगली असते. यवतमाळच्या थंडीत तळ्याचे पाणी गार पडले की ते खाणे निम्म्यावर आणतात. अशा वेळी उन्हाळ्याच्या मापाने टाकलेले खाद्य तळाशी कुजते.

पोत्यावरचा आकडा काय सांगतो

खाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ असा शब्द छापलेला असतो. हा आकडा थेट प्रथिने मोजून येत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मोजलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. आजही हीच रीत चालते. तिच्यात एक फट आहे. नायट्रोजन प्रथिनांतूनच आला की युरियातून, हे या पद्धतीला कळत नाही. गाईच्या बाबतीत थोडा युरिया चालूनही जातो, कारण तिच्या पोटातले जिवाणू त्यापासून प्रथिने बनवतात. माशाकडे असे जिवाणूंचे कोठार नाही.

नायट्रोजन खरोखर प्रथिनांचा असला, तरी काम संपत नाही. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. 1957 मध्ये हॅल्व्हर आणि सहकाऱ्यांनी शुद्ध अमिनो आम्ले मोजूनमापून मिसळलेली खाद्ये सामनला घातली. एकेक अमिनो आम्ल वगळून पाहिल्यावर दहा अशी निघाली, की त्यांतले एक जरी नसले तरी वाढ थांबते. आहारातूनच मिळवावी लागणारी हीच दहा अमिनो आम्ले पुढे इतर माशांतही आढळली. मत्स्यशेतीच्या इतिहासात 1957 हे साल दोन अर्थांनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी 10 जुलैला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. नदीतून बीज गोळा करण्याची सक्ती त्यामुळे संपली. 10 जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. बीज आणि आहार या दोन्ही आघाड्यांवर एकाच वर्षी वाट मोकळी झाली.

वनस्पतिजन्य खाद्यांत दोन अमिनो आम्लांची वाण सतत भासते: लायसिन आणि मेथिओनिन. शेंगदाण्याच्या ढेपेत दोन्ही कमी. सोयाबीनमध्ये लायसिन चांगले, मेथिओनिन तोकडे. एक अमिनो आम्ल कमी पडले की बाकीची असूनही कामी येत नाहीत. ती जळतात आणि त्यांचाही अमोनिया होतो. म्हणूनच 40 टक्क्यांची वाईट ढेप 28 टक्क्यांच्या चांगल्या मिश्रणापुढे हरू शकते.

सरकीचे कोडे

आता सरकीकडे येऊ. टरफल काढून तेल काढलेल्या सरकीच्या ढेपेत 35 ते 40 टक्के प्रथिने असतात. गावोगावच्या घाण्यांवरची ढेप बहुधा टरफलासकट असते. तिच्यात प्रथिने 20-22 टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला मोठा भाग चोथा. चोथा पचवणे हे रवंथ करणाऱ्या जनावराचे काम आहे. माशाला तो पचत नाही, फक्त आतडे भरते.

दुसरी अडचण गॉसिपॉलची. किडींपासून बचाव व्हावा म्हणून कपाशीच्या झाडाने स्वतःच तयार केलेले हे पिवळे रसायन. सरकीत ते बारीक काळ्या ठिपक्यांच्या रूपात उघड्या डोळ्यांना दिसते. गाईच्या पोटात जिवाणूंच्या सहवासात ते बरेचसे निष्प्रभ होते. माशाच्या शरीरात मात्र साठत जाते, वाढ मंदावते, यकृतावर ताण येतो आणि प्रजननक्षमता घटते. चीनमध्ये 1970 च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून गॉसिपॉलचा अभ्यास झाला होता, यावरून त्याचा परिणाम लक्षात यावा. तेल काढताना उष्णता दिली की मोकळे गॉसिपॉल कमी होते, पण ते प्रथिनांतल्या लायसिनलाच जाऊन चिकटते. विष कमी झाले, पण जे अमिनो आम्ल आधीच कमी होते तेही अडकून बसले.

या कोड्यावर वनस्पतिशास्त्रातून एक उत्तर आले आहे. मूळचे गुजरातचे आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणारे कीर्ती राठोड यांनी असे कापूस वाण तयार केले, की ज्याच्या पानांत आणि बोंडांत गॉसिपॉल राहते, सरकीत मात्र नाममात्र असते. अमेरिकेत त्याला 2018 मध्ये लागवडीची आणि 2019 मध्ये खाद्य म्हणून वापराची परवानगी मिळाली. मुकुटबनच्या शेतात मात्र आज जो कापूस उभा आहे, त्याच्या सरकीत गॉसिपॉल आहेच. तेव्हा सरकीची ढेप गोठ्यात राहू द्यावी. माशाच्या खाद्यात ती थोड्या प्रमाणात, टरफल काढलेली असेल तरच, आणि पैदाशीच्या माशांना अजिबात नको.

सोयाबीन आणि कोंडा

गावात पिकणारे आणि माशाला मानवणारे प्रथिन सोयाबीनचे आहे. कच्चे सोयाबीन मात्र चालत नाही, कारण त्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडवणारा घटक असतो. उष्णतेने तो मोडतो. नीट भाजलेल्या सोयाबीनमध्ये 38 ते 40 टक्के प्रथिने आणि 18 ते 20 टक्के तेल असते. कारखान्यात तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत 44 ते 48 टक्के प्रथिने असतात आणि प्रक्रियेत उष्णता मिळाल्याने अडथळाही गेलेला असतो.

समजा सोयाबीनची ढेप 46 टक्क्यांची, भाताचा कोंडा 12 टक्क्यांचा आणि मिश्रण हवे 28 टक्क्यांचे. ढेपेतून हवे ते वजा केले: 46 उणे 28 म्हणजे 18. हव्या त्यातून कोंडा वजा केला: 28 उणे 12 म्हणजे 16. मग ढेप 16 किलो आणि कोंडा 18 किलो. तपासून पाहा: 16 किलो ढेपेत 7.36 किलो प्रथिने, 18 किलो कोंड्यात 2.16 किलो, एकूण 9.52, आणि 34 किलोत ती बरोबर 28 टक्के. मत्स्यशेतीत जुन्या काळापासून चालत आलेले निम्मी ढेप, निम्मा कोंडा हे माप याच आकड्याच्या जवळ येते.

इथे एक मेख आहे. ताज्या कोंड्यात 12 ते 15 टक्के तेल असते. गिरण्यांतून तेल काढून घेतलेला कोंडाही बाजारात मिळतो आणि त्यात प्रथिनांचा टक्का उलट थोडा जास्तच असतो. तो वापरून केलेले मिश्रण कागदावर 28 च्या वर जाते, पण ऊर्जा घटलेली असते. प्रथिने जळणार ती इथेच. अशा वेळी थोडा भरडलेला मका किंवा तांदळाची कणी मिसळली, तर टक्का किंचित उतरतो आणि मासा जास्त वाढतो. ताजा कोंडा वापरायचा तर तो महिनाभर साठवू नये, तेल खवट होते. शिवाय धान्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि जठर नसलेल्या माशाला तो फारसा लाभत नाही, म्हणून एक-दोन टक्के खनिज मिश्रण घालणे हा फाजील लाड नव्हे.

तळेही जेवू घालते

आतापर्यंतचा सगळा हिशेब पोत्यातल्या खाद्याचा झाला. माशाचे दुसरे ताट पाण्यातच असते. शेण आणि सुपर फॉस्फेट योग्य मापात पडले की पाण्यात प्लवंग तयार होतात. या सूक्ष्म जीवांच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात आणि तीही उत्तम दर्जाची. म्हणजे हिरवट पाण्यातल्या लहान माशाला प्रथिने फुकट मिळत असतात, कमी पडते ती ऊर्जा. सुरुवातीच्या महिन्यांत महागडे 32 टक्क्यांचे खाद्य टाकणे म्हणजे भरल्या ताटात पुन्हा वाढणे. तेव्हा कोंडा, मका अशा स्वस्त खाद्याचा वाटा मोठा ठेवावा. मासे वाढले, त्यांचे एकूण वजन वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे प्लवंग कमी होतात. मग ढेपेचा वाटा वाढवत न्यायचा.

पाणी पुरेसे सकस आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. दुपारी हात कोपरापर्यंत पाण्यात उभा घालावा. कोपर बुडायच्या आत पंजा दिसेनासा झाला, तर प्लवंग चांगले आहेत. मनगट बुडतानाच पंजा दिसेनासा झाला, तर ते जास्त झाले आहेत, खत थांबवावे. कोपर बुडूनही बोटे स्पष्ट दिसली, तर पाणी उपाशी आहे. पाणी गढूळ असेल तेव्हा मात्र ही कसोटी लावू नये.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हे दुसरे ताट लहान असते. तळाची माती पाण्याला लागत नाही, तळाचा गाळ खाणाऱ्या मृगळाला तिथे फारसे काही मिळत नाही, आणि प्लवंगही मातीच्या तळ्याइतके टिकत नाहीत. अशा तळ्यात संपूर्ण संतुलित खाद्याला पर्याय नाही.

उरलेल्याचे काय होते

राज्य सरकारने 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू केली. तिच्यातले सर्वांत मोठे माप 30 बाय 30 बाय 3 मीटरचे होते. उतरत्या बाजू धरून त्यात काठोकाठ सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. एप्रिलमध्ये पाणी दीड मीटरवर आले की ते 10 लाख लिटरच्याही खाली जाते. त्यात सरासरी 300 ग्रॅमचे 500 मासे आहेत असे धरू, म्हणजे 150 किलो. वजनाच्या 3 टक्के दराने रोज साडेचार किलो खाद्य. ते 30 टक्के प्रथिनांचे असेल तर रोज 1,350 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 216 ग्रॅम नायट्रोजन. मासा त्यातला साधारण एक तृतीयांश अंगी लावतो. उरलेला सुमारे 144 ग्रॅम रोज पाण्यात आणि तळाशी जातो.

प्लवंग त्यातला बराच वापरतात. पण पाणी कमी झाले आणि खाद्य वाढले की तोल जातो. अमोनिया किती घातक, हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ठरते. 25 अंशांच्या पाण्यात सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, 8 ला सुमारे 5 टक्के, आणि 9 ला 36 टक्के. दाट हिरव्या पाण्यात उन्हामुळे दुपारी सामू 9 पर्यंत सहज चढतो. मुकुटबनच्या परिसराला इथे चुनखडीचा फायदा मिळू शकतो. चुनखडीतून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि ते सामूचे चढउतार रोखून धरतात. नुसत्या पावसाच्या पाण्यावर भरलेल्या तळ्याला हा आधार नसतो.

खाल्ल्यानंतर, विशेषतः प्रथिने पचवताना, माशाची प्राणवायूची गरज वाढते. पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. म्हणून सकाळचे खाद्य ऊन चढल्यावर द्यावे, आणि आभाळ दोन-तीन दिवस दाटून राहिले तर खाद्य निम्मे करावे किंवा बंद ठेवावे. मासे वर येऊन तोंडे उघडत असतील, तर खाद्याला हात लावू नये.

तराजू हाच परीक्षक

खाद्य कोणते चांगले, हे पोते सांगत नाही आणि विकणाराही सांगत नाही. ते तराजू सांगतो. दर पंधरा दिवसांनी जाळ्यात आलेले वीस-पंचवीस मासे वजन करून सोडून द्यावेत. सरासरी वाढ गुणिले माशांची संख्या म्हणजे वाढलेले वजन. त्या काळात टाकलेल्या खाद्याला या वजनाने भागले की एक किलो मासा किती किलो खाद्यावर तयार झाला ते कळते. चांगल्या संतुलित दाणेदार खाद्यावर हा आकडा दीड ते दोन येतो, ढेप-कोंड्याच्या मिश्रणावर अडीच-तीन. आकडा याहून वर गेला, तर जास्त प्रथिनांचे महाग पोते आणायला धावू नये. आधी कोंड्यात तेल आहे का ते पाहावे, मग पाण्यात हात घालून हिरवेपणा पाहावा, मग खाद्य तळाशी साचते आहे का ते तपासावे. बहुतेक वेळा दोष या तिन्हींतच सापडतो, आणि तिन्ही दुरुस्त करायला ढेपेच्या एका पोत्याइतकाही खर्च येत नाही.